नाबेआजीच्या कुंड्या

आमच्या कुमे बेटावर वादळाचा अंदाज दोन ठिकाणी बघतात, टीव्हीवर आणि नाबेआजीच्या अंगणात. टीव्हीवर वादळाच्या वाटेवर मोठं पांढरं वर्तुळ काढतात. त्यातून ते कुठूनही जाईल, हा त्यांचा अंदाज! आमचा सोपा आहे. आजीने कुंड्या घरात घेतल्या की वादळ वळतं, आळस केला की थेट गावात घुसतं. म्हणून वर्तुळ बेटाला टेकलं रे टेकलं, की अख्खी गल्ली तिच्या दारात.

"आजी, घे ना कुंड्या आत!"

"वेडे आहात का? वादळाला माझ्या कुंड्या दिसतात होय? आणि एवढी हौस आहे तर उचला तुम्हीच!"

आम्ही निमूट उचलायचो.

गेल्या सप्टेंबरात आजी लेकीकडे नाहा शहरात गेली आणि इकडे वर्तुळ आलं. आम्ही तिच्या कुंड्या आत घेतल्या. वादळ खरंच वळलं! मी लगेच तिला फोन लावला.

"आजी, वळलं गं!"

पलीकडे वारा नुसता घोंघावत होता.

"माहितीये! इकडेच आलंय मेलं," आजी ओरडली. "लेकीच्या कुंड्या बाहेर राहिल्या ना!"