आयतं स्फुरद

वहिनी डाळिंबाच्या रोपाशी उकिडवी बसून बोटानं माती उकरत होती. लावणीच्या वेळी तिनं प्रत्येक रोपाच्या मुळांना मायकोरायझाची भुकटी चोळली होती. ही बुरशी मुळांना लांबचं अन्न आणून देते आणि बदल्यात त्यांच्याकडून थोडी साखर घेते. काल दादानं तिला न विचारता सगळ्या रोपांना मूठमूठ डीएपी, म्हणजे स्फुरदाचं दाणेदार खत, घातलं.

"रोपवाटिकेवाले म्हणाले, स्फुरद आयतं मिळालं की मुळं बुरशीला थारा देत नाहीत," ती म्हणाली. "जगली असेल का हो ती, ताई?"

मी वाकून पाहिलं. पण ती डोळ्यांना दिसणारी नव्हतीच.

"मग काय उपाशी ठेवायची होती रोपं?" मागून दादा म्हणाला. आवाज ओशाळलेला होता.

मला माझी लेक आठवली. तिला कुणाकडे काही मागावं लागू नये म्हणून मी सगळं आधीच पुढ्यात ठेवत आले. हल्ली ती कुणाकडे जात नाही आणि तिच्याकडेही कुणी येत नाही. मायेनं घातलेलं जास्त झालं, हे कळावं तरी कसं?

दादा खाली बसून न विरघळलेले दाणे वेचू लागला. आम्हीही वेचू लागलो. रोपं टवटवीत हिरवी दिसत होती, आणि मला त्या हिरवेपणाचीच भीती वाटत होती.