शांतम्माचं गाडगं

उदगीरजवळच्या खेड्यातली दामिनी तुरीवर संशोधन करायची. मर रोगानं वाळणार नाही असा वाण काढायचा, म्हणून सात वर्षं ती चिमट्यानं कळ्या उकलून परागकण लावत होती. त्या वाणाचं पसाभर बियाणं तिनं कौतुकानं घरी आणलं, आणि तिच्या आईनं, शांतम्मानं, पाहुण्यांसाठी त्याच्या घुगऱ्या घातल्या!

दामिनीनं घर डोक्यावर घेतलं. शांतम्मा उलट कडाडली, "लई शिकलीस! दोन घंटे चूल जाळली, तरी दाणा टणकच. असलं बियाणं माझ्या गाडग्यात न्हाई ठेवायची मी."

दामिनीला आईचं म्हणणं पटलं. रोग तपासला होता, एकरी उतारा मोजला होता; शिजवून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. तिनं आणखी आठ वर्षं घातली. दर हंगामाला निवडक झाडांचे दाणे आईच्या चुलीवर चढायचे, आणि आई नाक मुरडायची.

यंदा वाणाला मान्यता मिळाली. गावानं हारतुरे घातले, पण दामिनीचा जीव आईच्या निकालात अडकलेला. शांतम्मानं प्रमाणपत्र बाजूला सारलं, मूठभर दाणे शिजवले, बोटानं चिरडून पाहिले. मग उरलेल्या दाण्यांना कीड लागू नये म्हणून राख चोळली आणि ते पुढच्या पेरणीसाठी आपल्या गाडग्यात भरले.