बायजाचे तांदूळ

माझी आत्या बायजा हिला माजिवड्यात चेटकीण म्हणतात. म्हणणाऱ्यांशी मी आजवर दहादा भांडलोय, दोनदा हातही उचललाय. पण तिच्याविरुद्ध साक्ष कुणी दिली, ते कुणी विचारत नाही. मी दिली. लाज वाटते, तरी सांगतो.

आत्या तिशीत विधवा झाली. त्यानंतर मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून तिने एकटीने घर चालवलं. तोंडाने फटकळ, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर खाडीपलीकडचा माणूस वळून बघेल. गावात कुणाला भगताकडे जायचं असलं की आधी तिला सोबत घेत. भगत खरा की लबाड, ते बायजाने सांगायचं.

आमच्यात आजारी माणसावरून मूठभर तांदूळ ओवाळतात आणि फडक्यात गाठ मारून भगताकडे नेतात. भगत ते सुपात पसरतो, दाण्यांत बघतो आणि कुणाची बाधा आहे ते सांगतो. आत्या वाटेत ती गाठ सोडायची, आजाऱ्याचे तांदूळ काढून घ्यायची आणि आपल्या घरचे बांधायची. मग या धडधाकट बाईच्या तांदळात भगताला कधी वेताळ दिसायचा, कधी खाडीत बुडालेली बाळंतीण. आत्या सगळं मुकाट ऐकून घ्यायची आणि शेवटी उठून म्हणायची, "मेल्या, हे माझे तांदूल हायेत. मना काय झालंय ते सांग!" वीस वर्षांत तिच्यापुढे एकही भगत टिकला नाही.

बावन्न साली माझी बायको शालू बाळंत झाली. मुलगी झाली. पाचव्या दिवशी शालूला ताप भरला तो उतरेना, ती बरळायला लागली. मी रोज ठाण्यात गिरणीवर जाणारा माणूस, डॉक्टर कुठे असतो ते मला ठाऊक होतं. पण आई ऐकेना. "बालंतिणीला सुया टोचून मारशील," म्हणाली. चोवीस वर्षांचा घोडा झालो होतो, तरी आईपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटायची. भांडली ती आत्या. ती भांडली म्हणून आई एवढ्यावर आली की तीन भगत बघू, तिन्ही खोटे निघाले तर ने तुझ्या डॉक्टरकडे.

आत्याने मला डोळा घातला. तिच्या हिशेबी शालू बरी झाल्यातच जमा होती.

पहिले दोघे एकाच दिवसात आपटले. तिसरा शीळफाट्याच्या बाजूचा, विश्राम नावाचा. आई, आत्या आणि मी बैलगाडीने त्याच्याकडे गेलो. वाटेत आत्याने फडक्यातले तांदूळ बदलले, ते मी एकट्यानेच बघितलं. त्याने गाठ सोडली, दाणे बोटाने ढवळले आणि वर न बघता म्हणाला, "हे आजाऱ्याचे नाय. बदललेत. ज्या बाईच्या घरचे हायेत ती हितंच बसलीय. तिनंच बालंतिणीला धरलंय."

आत्या उठली नाही. आईने माझं मनगट पकडलं. "परशू, खरं सांग. कोनाचे तांदूल?"

मला खोटं बोलता आलं असतं. आपल्याच घरचे, एवढंच म्हणायचं होतं. विश्राम तिथल्या तिथे खोटा पडला असता. पण पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर ओळखलं होतं, आणि त्याच्यापुढे खोटं बोलायची मला भीती वाटली.

"आत्याचे," मी म्हणालो.

अरे, त्यात ओळखायचं काय होतं? जिने वीस वर्षं भगतांची फजिती केली ती बाई दारात येऊन बसली, तर फडक्यात तांदूळ कुणाचे असणार? फजिती झालेल्यांना तोंडं नव्हती? त्यांनी एकमेकांना सांगितलं नसेल? शेंबड्या पोराला कळावी अशी ही गोष्ट मला सुचली कधी, तर गाडी कळव्याच्या पुलावर आल्यावर. तेव्हा आत्या गाडीत नव्हती. आईने तिला बसू दिलं नव्हतं. ती मागून चालत येत होती, आणि मी गाडी हाकत होतो.

घरी पोचल्यावर मी शालूला उचललं आणि त्याच गाडीत घालून ठाण्याच्या इस्पितळात नेलं. आई ऊर बडवत राहिली. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, आठवड्याने शालू उठून बसली. गावाने श्रेय कुणाला द्यावं? विश्रामला! का, तर त्याने सांगितल्यापासून बायजाचा पाय आमच्या घरात पडला नाही. विहिरीवर बाया तिला बघून हंडे बाजूला घेऊ लागल्या. विश्रामकडे तर कल्याणहून माणसं येऊ लागली, बायजाच्या पारखीला उतरलेला भगत म्हणून. मी ओरडून ओरडून सांगायचो, माणसं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "परशू, तूच तर बोललास ना?"

शालू घरी आली तशी पोरीला घेऊन मला म्हणाली, "चला आत्यांकडे." आत्या दारातच उभी राहिली, चौकटीला हात लावून.

"पोरीला आत नको आनू."

मी संतापलो. भगतांनी एकमेकांना कसं सांगितलं असेल, विश्रामने कसा डाव साधला, सगळं तिथेच बोलून टाकलं. माझी चूक झाली, तेही बोललो.  मग आत्या इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

"तू बोलतंस ते पटतंय रे. पन वीस वर्सांत माझ्याकरं एक बी टिकला नाय, आनि हा टिकला. मग माझ्या हातून खरंच काय झालं असंल काय?"

शालूने पोरगी तिच्यापुढे धरली. आत्याने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि एक पाऊल मागे सरकली.