किरणांचा विटाळ

गंगाराम गमरे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज मात्र नोकरीतच राहिला होता. वाडीच्या विहारात सभा असो की कुणाच्या दारात लग्नाची बैठक, "पुढे सरका, मागच्यांना जागा द्या" हे वाक्य त्यांच्याच तोंडून यायचं आणि माणसं मुकाट सरकायची. खेड डेपोतून सुटणाऱ्या मुंबईच्या गाड्या त्यांनी उभा जन्म केल्या. भांडणारे, झिंगलेले, कोंबड्या घेऊन चढणारे, सगळ्यांना त्यांनी जागेवर बसवलं. घाबरायचे ते फक्त दवाखान्याला.

त्यामुळे लघवीची तक्रार सुरू झाली तेव्हा वर्षभर त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. रात्री सारखं उठायचं, अंधारात उभं राहायचं आणि थेंब थेंब येण्याची वाट बघायची, असं चाललं होतं. कारणही त्यांनी स्वतःच शोधून ठेवलं होतं. घाटात गाडी अडकली की कंडक्टरने उतरून कुठे जायचं? दाबून धरायचं. जन्मभर दाबून धरलं, आता शरीर त्याचा हिशेब करतंय, एवढंच. शेवटी बायको कमलाबाईंनी मुंबईला मुलाला, अमरदीपला, फोन केला आणि तो शनिवारची रजा टाकून आला. खेडला सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, मग तुकडा काढून तपासायला गेला. प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर निघाला. लघवी दाबून धरण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गंगाराम थोडे हिरमुसलेच. एवढे कष्ट काढले ते आजारातसुद्धा कुणी धरले नाहीत.

रोग हाडांत गेलाय का ते बघायला चिपळूणच्या पुढच्या एका मोठ्या रुग्णालयात हाडांचा स्कॅन ठरला. दंडात एक इंजेक्शन दिलं, भरपूर पाणी प्यायला लावलं, काही तास बसवून ठेवलं आणि मग एका सपाट यंत्राखाली निजवलं. निघताना तिथल्या बाई म्हणाल्या, "औषधातून थोडी किरणं बाहेर पडतात, बाबा. आजचा दिवस आणि रात्र गरोदर बाई, लहान मूल यांच्यापासून लांब राहा. उद्यापासून काही नाही."

घरात गरोदर बाई होती. सून आम्रपाली गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिला चौथा महिना लागला होता. कमलाबाईंनी वेळ घालवला नाही. शेजारी धाकटा दीर धाकू याचं घर होतं. धाकूचं बिऱ्हाड नालासोपाऱ्याला, घर उघडायचं ते मे महिन्यात. कमलाबाईंनी कुलूप काढलं, केर काढला, चटई अंथरली.

"अवो, आजच्या दिस हितं निजा," त्या म्हणाल्या. "पोरगी पोटुशी हाय."

"निजतो की. त्यात काय," गंगाराम म्हणाले.

हाडं स्वच्छ निघाली. घरात गोडाचा शिरा झाला. पण लगेच पुढचं ठरलं: शस्त्रक्रिया नको, किरणांचे उपचार. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, चार आठवडे. कमलाबाईंनी ते ऐकलं आणि सरळ मांडणी केली. एका सुईला एक दिवस लांब, तर रोजच्या किरणांना किती? आणि हाडांच्या वेळी सुई होती, आता तर एवढं मोठं यंत्र. गणित चुकलेलं होतं, पण बाईंनी ते जिवाच्या काळजीने केलं होतं, आणि अशा गणिताला तपासायला कोण बसतो? गंगारामांची वळकटी धाकूच्या घरातच राहिली.

गंगारामांनी रुग्णालयात तरी विचारायचं. विचारलं नाही, कारण त्यांना विचारायची गरजच वाटली नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. रोज पोटभर पाणी पिऊन, लघवी धरून ते टेबलावर निजायचे. सुजय नावाचा तंत्रज्ञ त्यांच्या पोटावरच्या खुणा जुळवायचा, "आजोबा, हलू नका, मी बाहेरून बघतोय," म्हणायचा आणि निघून जायचा. त्याच्यामागे हातभर जाडीचं दार बंद व्हायचं. मग ते यंत्र घूं करत त्यांच्याभोवती फिरायचं. ना चटका, ना कळ. पण ज्याला भिऊन धडधाकट तरुण पोरगा दाराआड जातो, ते आपल्या अंगात शिरून बसणारच, अशी गंगारामांची खात्री झाली.

दुसरंही एक कारण होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उपचारांनी लघवीला जळजळ व्हायची आणि घाई इतकी, की कधी कधी लेंगा ओला व्हायचा. सुनेसमोर ती फजिती नको. धाकूच्या रिकाम्या घरात कुणी बघायला नव्हतं.

कमलाबाई जेवण तिकडे न्यायच्या. एक ताट, एक तांब्या, एक कप वेगळा काढून ठेवला होता. तो कप पहिल्यांदा समोर आला तेव्हा गंगारामांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी बाप त्यांना खेडच्या बाजाराला घेऊन जायचा. तिथल्या एका हॉटेलाबाहेर, खिडकीखालच्या कोनाड्यात, त्यांच्या लोकांसाठी एक कानतुटका कप असायचा. बाप चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराच्या दिवशी गंगाराम त्याच हॉटेलात मधल्या टेबलावर जाऊन बसले होते आणि उगाचच दोन चहा प्यायले होते. आता सख्ख्या बायकोने, मायेने, वेगळा कप आणला होता. बोलायचं काय? ते चहा प्यायले आणि कप विसळून ठेवला. त्यांना फार लागलं. कमलाबाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

उपचार संपले. कमलाबाई म्हणाल्या, "अंगातनं उतरायला येळ लागंल." तेवढ्यात आम्रपाली बाळंतपणाला माहेरी, मंडणगडला गेली, तेव्हा तरी परत यायला हरकत नव्हती. पण लांब राहण्याचं एकदा अंगवळणी पडलं की कोण कधी बोलावणार आणि कोण कधी येणार, हेच ठरत नाही. गंगारामांना वाटायचं, ही बोलवेल. कमलाबाईंना वाटायचं, ह्यांना डॉक्टरांनी सांगितलं की हे आपणहून येतील. डॉक्टर काय सांगणार? त्यांना बिचाऱ्यांना काही माहीतच नव्हतं.

मुलगी झाली. नाव राही ठेवलं. तीन महिन्यांची होऊन ती घरी आली आणि गमऱ्यांच्या घरात एक नवलच सुरू झालं. अमरदीप मुंबईहून व्हिडिओ कॉल करायचा, त्यात आजोबांनाही घ्यायचा. राही ओटीवर आजीच्या मांडीत, आणि तिला फोनच्या काचेवर बघणारे आजोबा पलीकडच्या घरात. मधे एक आवार आणि एक कढीपत्त्याचं झाड. कधी कधी राहीचं रडणं फोनच्या आधी खिडकीतूनच ऐकू यायचं.

"बघा, हसली तुमच्याकडं बघून," कमलाबाई फोनमध्ये म्हणायच्या.

"हसली, हसली," गंगाराम म्हणायचे. त्यांना नातीचा वास कसा आहे ते माहीत नव्हतं.

एका दुपारी आम्रपाली शाळेत गेली होती, कमलाबाई चुलीशी होत्या आणि राही ओटीवर चटईवर होती. ती नुकती पोटावर सरकायला लागली होती. गंगाराम आवारात उभे राहून तिला बघत होते. पोरगी मान वर करून त्यांच्याकडे बघायला लागली आणि सरकत सरकत ओटीच्या काठाकडे निघाली. ती पडणार, हे त्यांना दिसत होतं. ते दोन पावलं पुढे आले आणि थांबले. हात लावावा की नाही? ते जोरात ओरडले, "आगो, पोरगी बघ!" कमलाबाई धावत आल्या आणि त्यांनी मूल उचललं. काही झालं नाही. पण गंगाराम धाकूच्या घरात जाऊन बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. ज्या माणसाने परक्यांची पोरं पायरीवरून उचलून गाडीत घेतली, त्याला स्वतःची नात धरता आली नाही. त्यांना स्वतःचा संताप आला.

पुढच्या तपासणीला ते एकटेच गेले. रक्तातला आकडा छान उतरलाय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उठता उठता गंगारामांनी विचारलं, "बाई, ती किरणं माझ्या अंगातनं पुरी कधी जातील?"

"कुठली किरणं?"

"यंत्राची. घरात तान्ही नात हाय. तिला अजून घेतली नाय मी."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "आजोबा, ती अंगात राहतच नाहीत. यंत्र बंद झालं की संपलं. टॉर्च बंद केल्यावर भिंतीवर उजेड राहतो का? तुम्ही पहिल्या दिवसापासून घरात राहू शकत होता. सुनेजवळ, बाळाजवळ, कुणाहीजवळ. तुम्हांला लांब राहायला सांगितलं कुणी?"

गंगारामांनी पिशवी उचलली. कोणाचं नाव सांगणार?

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्यांनी सगळा विचार केला. खरं सांगितलं तर कमलचं काय होईल, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. तिच्या हातांनी वाढलेलं ते वेगळं ताट तिला मरेपर्यंत पुरलं असतं. घरी पोचल्यावर त्यांनी आवारातूनच, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आजपासून मोकळा! डॉक्टरनी सांगितलान, अंगातली किरणं गेली सगळी."

कमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मी म्हणत नव्हतं? येळ लागतो," असं म्हणून त्या वळकटी आणायला धाकूच्या घराकडे पळाल्या.

आम्रपाली राहीला कडेवर घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही. सासूबाई लांब गेल्याचं बघून ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, डॉक्टर खरंच 'आजपासून' म्हणाले?"

गंगारामांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी तेव्हाच वाचलं होतं," ती म्हणाली. "यंत्राच्या किरणांनी दुसऱ्याला काही होत नाही, हे मला माहीत होतं. पोटात ही होती. वाटलं, एक टक्का जरी खरं निघालं तर? म्हणून गप्प बसले. मग ही झाली, मग बोलायची लाज वाटायला लागली. तुम्ही तिथे एकटे जेवायचा, मला खिडकीतून दिसायचं." तिने धाकूच्या घराकडे पाहिलं. "आपल्याच घरात, बाबा. मी शाळेत मुलांना काय काय शिकवते."

 गंगारामांना राग आला होता, आणि तो खोटा नव्हता. मग ते म्हणाले, "माहीत असून हात पुढं होत नाय, ते मी लय बघितलंय, बाय. तू पयली नव्हंस." आवाज उतरवून ते म्हणाले, "तुझ्या सासूला ह्यातला काय सांगू नको."

"नाही सांगणार."

"मंग आण तिला."

आम्रपालीने राही त्यांच्या हातात दिली. राहीने क्षणभर त्या अनोळखी, दाढीचे खुंट वाढलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. पाठ ताणली, पाय झाडले, आईकडे दोन्ही हात केले. गंगाराम गडबडले. "घे, घे हिला, घाबरली ती," म्हणत त्यांनी मूल पुढे केलं.

आम्रपालीने हात मागे घेतले आणि पाठीशी धरले.

"रडू दे, बाबा," ती म्हणाली. "तुमच्याकडेच रडू दे."