गाडीतलं खडेमीठ

गाडी गंजू नये म्हणून मी तिच्यात मीठ भरून ठेवलं.

मी अकाउंटंट आहे. सिंगापुरात, रॅफल्स प्लेसच्या एका थंडगार ऑफिसात इतरांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो. तरीही मीठ मीच भरलं.

सुरुवात मावसभावाने केली. नंदू टोरोंटोला असतो. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांना खालून खात बसतं. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने मला आपल्या गाडीचं पोट दाखवलं. (लोक नातवंडं दाखवतात.)

"खालून धुवायची, तेल मारायचं, कोरडी ठेवायची," नंदू म्हणाला. "तुझी मजा आहे लेका. तुमच्याकडे बर्फच नाही."

"समुद्र आहे ना," मी म्हणालो, आणि तिथून माझी झोप उडाली.

आम्ही पासिर रिसला राहतो. खिडकी उघडली की खारा वारा थेट घरात येतो. गाडी आधीच म्हातारी, त्यात इन्स्पेक्शन जवळ आलेलं. आणि सिंगापुरात एक गाडी गेल्यावर दुसरी घेणं म्हणजे, नुसत्या परवान्यालाच... जाऊ दे. शिवाय ही गाडी खरं तर आईसाठी होती. बाबा गेल्यावर मी आईला पुण्याहून इथे आणलं. एमआरटीपर्यंतचं, म्हणजे इथल्या मेट्रोपर्यंतचं, चालणं तिच्या गुडघ्यांना झेपेना. म्हणून शनिवारी गाडीने सेरंगूनला भाजी आणायची आणि येताना समुद्रासमोर गाडी थांबवून, मागच्या सीटवरूनच लाटा बघायच्या. तिचा आठवडा एवढाच.

"हे फिरणं आहे म्हणून मी इथे आहे," ती म्हणायची. चेष्टेत नाही.

म्हणजे गाडी वाचवणं भाग होतं. तेल मारायचं तर कारपार्कमध्ये गाडीखाली झोपायला परवानगी नाही. (परवानगी मिळाली असती तरी माझ्या पोटाला तिथे जागा नाही.) राहिलं कोरडं ठेवणं. त्या दिवसांत पाऊस महिनाभर मुक्कामाला आल्यासारखा पडत होता. भिंतीसुद्धा घामेजल्या होत्या. स्वयंपाकघरात मिठाची बरणी उघडली तर आत पाणी सुटलेलं, आणि मला साक्षात्कार झाला. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं! मग गाडीतलंही ओढेल.

मी जुना पंचा फाडून खडेमिठाच्या पुरचुंड्या बांधल्या. काही कार्पेटखाली सरकवल्या, काही डिकीत, आणि एक मोठी, खास आईसाठी, मागच्या सीटच्या खाचेत.

"मिठापासून वाचवायला मीठ?" बायको म्हणाली.

"मेधा, काट्याने काटा काढतात."

"काढता येणाऱ्याने काढावा. तू आणखी एक रुतवशील."

मी दुर्लक्ष केलं. मग कामाच्या रगाड्यात पुरचुंड्याही विसरलो.

काही आठवड्यांनी आई बदलली. एका शनिवारी समुद्रावरून घरी आलो आणि ती पदर सावरत तडक न्हाणीघरात गेली. पुढच्या शनिवारी तेच. त्यानंतर ती गाडीत बसेना.

"आई, चल ना. मेथी आली असेल."

"तुम्ही जा. मला कंटाळा आलाय."

"अगं, समुद्र?"

"समुद्र काय पळून जातोय?"

दिवसभर ती बाल्कनीत बसून राही. बाहेर पाऊस, आत ती, दोघांचंही थांबायचं लक्षण नाही. एका संध्याकाळी म्हणाली, "विनू, माझं पुण्याचं तिकीट काढ. आपलं म्हातारपण आपल्या घरात लपवावं."

मला काही कळेना. मेधाने खोदून विचारलं तेव्हा आई भिंतीकडे बघत पुटपुटली, "गाडीतून उतरले की माझं लुगडं ओलं असतं गं. मला कळतही नाही. आता विन्याच्या घरात हे सगळं कोण निस्तरणार?"

मेधा माझ्याकडे बघत राहिली. मी गाडीच्या किल्लीकडे.

कारपार्कमध्ये जाऊन सीटच्या खाचेत हात घातला. पुरचुंडीचा नुसता ओला पंचा उरला होता. सीट गडद रंगाची, म्हणून वरून काही दिसत नव्हतं. दाबली की पाणी. मी बोट चाटून पाहिलं. खारट. कार्पेट उचललं तर खाली छोटं मिठागर.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने तळाचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला.

"बॉस, तू समुद्रात चालवतो काय?"

"नाही."

"मग समुद्र आत कसा आला? कॅनॉट लाह. धिस वन स्क्रॅप."

नंदूच्या गाडीने टोरोंटोचे कितीतरी हिवाळे काढले. माझी मी एका पावसाळ्यात घरच्या घरी संपवली.

घरी येऊन आईसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. पंचा, पुरचुंडी, खाच, स्क्रूड्रायव्हर. ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, गाडी गेली, आता तिकीट काढावंच लागणार.

"म्हणजे ते मीठ होतं?"

"हो."

"माझं काही नाही?"

"नाही गं आई."

तिने मोठा श्वास सोडला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि चपला शोधू लागली.

"कुठे निघालीस?"

"समुद्रावर. तुमची ती बस जाते ना? गुडघे दुखतील तर दुखतील." दारात थांबून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला वाटलं होतं माझं शरीर गेलं. तुझं डोकं गेलंय होय. बरं वाटलं बाई ऐकून."