गुलाबी दिव्यातली चिलटं

माझी आत्या चिलटं पाळायची, आणि त्याचा तिला पगार मिळायचा. केळ्यावर घोंगावतात ना, तीच. प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांत ती त्यांना वाढवायची आणि कोण किती जगतं ते बघायची. घरी कुणी नुसतं "आज उकडतंय" म्हटलं तरी विचारायची, "कशाच्या तुलनेत?" त्यामुळे तिच्याशी गप्पा मारायला फारसं कुणी धजावत नसे.

एकदा गुलाबी दिव्याखालची चिलटं जास्त जगली. आत्यानं लेखात दहा ठिकाणी 'कदाचित' घातलं. वर्तमानपत्रांनी तेवढंच नेमकं गाळलं, आणि बघता बघता गल्लीतल्या खिडक्या गुलाबी झाल्या. आमचे बाबा तर तिचे सख्खे भाऊ. त्यांनी न्हाणीघरातही तो दिवा लावला आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. म्हणाले, "घरचं विज्ञान असताना दुकानातलं कशाला?"

पुढे आत्यानं प्रयोग पुन्हा केला आणि कपाळावर हात मारला. गुलाबी दिव्याच्या बाटल्या नेमक्या एसीच्या झोतात होत्या. चिलटं गारव्यानं जगली होती, रंगाचा काडीचाही संबंध नव्हता. तिनं चूक जाहीर केली. संचालकांनी तोंड वाकडं केलं, वर्तमानपत्रांनी छापलंच नाही. दिव्यानं काही होत नाही, ही काय बातमी झाली?

तिला त्याचं काही नव्हतं. धास्ती होती ती बाबांची. सकाळी त्यांचं डोकं ठणकायचं, उठताना भोवळ यायची.

"दादा, गोळ्या सुरू कर. माझं चुकलं होतं."

"तुला कुणीतरी हे बोलायला लावलंय. गोळ्यावाल्या कंपन्या काय कमी पोचलेल्या असतात?"

तिनं आलेख दाखवले, बाटल्यासुद्धा घरी आणल्या. बाबांनी चष्मा लावून सगळं तपासलं. "एवढ्याशा चिलटांवरून मी कसा विश्वास ठेवू? आणखी पुरावा आण." मला तो दिवा फोडावासा वाटत होता.

शेवटी एका संध्याकाळी आत्या आली ती चपला न काढताच म्हणाली, "दादा, नवीन शोध लागलाय. गुलाबी उजेड गोळीबरोबरच लागू पडतो. नुसता नाही."

"तरीच!" बाबा सावरून बसले. गोळी तळहातावर घेऊन मला म्हणाले, "पाणी आण गं."

मी आत्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले. तिचे डोळे भरले होते. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं निष्कर्ष मनचा रचला होता.

"खरं सांगितलं तेव्हा पुरावा मागितला त्यानं," ती म्हणाली. "आणि आज नुसतं पाणी."