शाणप्पांचा डाव

आमच्या काकांना जगात एकच शहाणा माणूस ठाऊक होता आणि तो रोज सकाळी दाढी करताना त्यांना आरशात भेटायचा. बाकी सगळे येडे. डॉक्टर येडा, कारण तो पथ्य सांगतो. बँकेचा मॅनेजर येडा, कारण तो दुसऱ्याचे पैसे मोजत बसतो. माझे वडील, म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, तर येड्यांचे सरदार. शुक्रवार पेठेत सगळे त्यांना पाठीमागे ‘शाणप्पा’ म्हणत. ते नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना आनंदच झाला. टोमणा कळायला लागते तेवढीही अक्कल त्या माणसाला नव्हती.

आमचं चादरी आणि टॉवेलचं दुकान. घरात आम्ही कानडी बोलतो, दुकानात मराठी. सोलापुरात यात नवल काही नाही. काकांनी मात्र त्याचा धंदा केला. अकलूजहून एखादं कुटुंब लग्नाच्या आहेराच्या चादरी घ्यायला आलं, की काका मराठीत विरघळायचे, “ताई, तुमच्यासाठी म्हणून खरेदीच्या भावात देतो बघा.” आणि त्याच दमात, चादर झटकत, मला कानडीत सांगायचे, “कब्बिन रोक्क बंदैती, बिडब्याड.” उसाचे पैसे आलेत, सोडू नको. गिऱ्हाईक गेलं की माझ्या पाठीवर थाप मारायचे. “आपली कानडी म्हंजे तिजोरी हाय बे. किल्ली फकस्त आपल्याकडं.”

निम्म्या सोलापूरला कानडी कळते, हे त्यांना कोणी सांगायचं? एकदा अक्कलकोटकडच्या एका आजीबाईंनी त्यांचं असलंच वाक्य ऐकलं आणि शुद्ध कानडीत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून, टॉवेल तोंडावर फेकून त्या निघून गेल्या. काका टॉवेलाची घडी घालत म्हणाले, “येडी हाय म्हातारी.” त्यांचा धडा एवढ्यावर संपला.

काकू याच्या अगदी उलट. कमी बोलायची आणि कामाला वाघ. तिच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी पेठेतले लोक घरी येऊन घेऊन जात. गल्लीच्या तोंडाशी एक छोटा गाळा रिकामा झाला आणि तो तिच्या मनात भरला. गाळेवाला ओळखीचा होता, सोमवारपर्यंत अनामत आणा म्हणाला. गोव्यातल्या एका हॉटेलकडे आमची टॉवेलची जुनी बाकी होती. काकूने जेवायला वाढता वाढता विचारलं, “त्यातनं माझ्या गाळ्याचं होईल का ओ?” काका म्हणाले, “होईल म्हंजे? झालं समज की!” त्या आठवड्यात गाळ्यावरची पाटी कुठल्या रंगाची करावी हे ती मला दोनदा विचारून गेली. तिला हिरवी हवी होती.

वसुलीला काका निघाले, गाडी चालवायला मी. हॉटेलवाल्याने कुरकुर न करता पैसे दिले. तेवढ्यावर आम्ही परत फिरलो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती. पण काका पोकर शिकले होते, तेही मोबाइलवर. शिवाय दर दिवाळीला घरच्या तीन पत्तीत ते जिंकायचे, कारण सणासुदीला भांडण नको म्हणून माझे वडील पत्ते टाकून द्यायचे. एवढ्या भांडवलावर ते मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर चढले. मी म्हटलं, “काका, ते पैसे काकूचे आहेत.” म्हणाले, “म्हणूनच की. गाळा भाड्यानं कशाला, इकतच घेऊ. तू मागं हुबा राहा आन् बघ.”

मी बघितलं. आयुष्यात इतका हिडीस शहाणपणा पुन्हा बघायला मिळू नये. काका पत्ते उचलायचे, कोपरा वाकवून बघायचे आणि मान मागे करून मला कानडीत सांगायचे, “यरड राजा अदाव.” दोन राजे आहेत. पत्ते वाटणाऱ्या मुलीने हटकलं, टेबलावर हिंदी किंवा इंग्रजीच बोला. काका गोड हसून म्हणाले, “पुतण्या हाय, घरचं बोलतोय.” समोर पांढऱ्या सदऱ्यातले एक शांत गृहस्थ बसले होते. काकांच्या हातात राजे आले की ते गृहस्थ पत्ते टाकून देत. काकांच्या हातात काही नसलं, की नेमके तेव्हाच टिकून राहत. “भितोय मला,” काका म्हणाले. मी मराठीत कानाशी लागलो, “काका, त्यांना कळतंय. गप्प बसा.” त्यावर मिळालेलं उत्तर असं, “गप बे. गोव्याच्या मानसाला कानडी कुटली?”

शेवटी काकांनी पत्ते बघितले आणि पुटपुटले, “कैयाग एनू इल्ल.” हातात काही नाही. मग छाती फुगवून पैशांच्या उरलेल्या सगळ्या चकत्या त्यांनी मध्ये ढकलल्या. गृहस्थांनी तेवढ्याच चकत्या पुढे केल्या आणि पत्ते उघडले. नुसती पंजांची जोडी. काकूचा गाळा पंजांच्या जोडीने नेला. गृहस्थ उठले, काकांना अदबीने नमस्कार केला आणि म्हणाले, “नम्मूर हुबळीरी, मामा. बर्तीनि.” आमचं गाव हुबळी, येतो मग.

वाटेत काका एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, लाजले असतील. घरी पोचल्यावर कळलं की ते विचार करत होते. काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि हे म्हणाले, “पार्टी लबाड निघाली. दमडी दिली न्हाय.” मला राहवलं नाही. हॉटेल, जहाज, पोकर, सगळं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. काकूने नवऱ्याकडे बघितलं. काका म्हणाले, “पत्ता फिरला, त्याला मी काय करू?” तिने तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. गाळ्यात पुढे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं. काकू शेवटपर्यंत घराच्या पायरीवरच भाकरी विकत राहिली.

त्यानंतर तिने त्यांच्याकडे काही मागितलं नाही. सणाला साडी नाही की गावाला जायचं भाडं नाही. गुडघे धरले तेव्हा तेलाची बाटलीसुद्धा तिने मला आणायला सांगितली. ते त्याच घरात, शेजारच्याच खोलीत असायचे.

मागच्या वर्षी काकू गेली. भेटायला माणसं येत होती. काका भिंतीला टेकून बसले होते, खरोखर रडत होते, आणि क्षणभर मला त्यांच्याबद्दल मायाही वाटली. माझ्या डोळ्यांदेखत म्हातारे झालेले माझे काकाच ते. तेवढ्यात उपरण्याने नाक पुसत ते समोरच्यांना म्हणाले, “लई समाधानी बाई. इतक्या वर्षांत माझ्याकडं कधी काय मागितलं न्हाय बघा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठलो आणि चपला घातल्या.